सरकारी वाळूतल्या अक्षता

पांढरकवड्याच्या शेतकी ऑफिसात मे महिन्यात थंड राहणारी खोली एकच होती, आणि ती माणसांसाठी नव्हती. त्यामुळे सगळ्या माणसांना ती खोली सांभाळणाऱ्या नरहरचा राग येई आणि नरहरला सगळ्या माणसांचा.

खोलीत कपाशी उगवत होती. म्हणजे उगवायला हवी होती. टेबलांवर लाकडी ट्रे, ट्रेमध्ये धुऊन वाळवलेली वाळू, आणि वाळूत सरकी. ही सरकी साधीसुधी नव्हे. शेतावरची एकेक पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, पारखून, तीन हंगाम घाम गाळून नरहरने स्वतः तयार केलेला तो वाण होता. दोन्ही खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या होत्या आणि लालसिंग चपराशी त्यांच्यावर बादल्याच्या बादल्या पाणी मारत असे. बाहेर डांबर वितळत असताना आत वाळ्याचा वास सुटलेला असे आणि टेबलफॅन हळूहळू मान हलवत असे. अशा खोलीत सरकीने झोपावं आणि आपण उन्हात तळून निघावं, हे ऑफिसातल्या कोणाच्याही गळी उतरत नव्हतं.

हेडक्लार्क मधुसूदनपंत रोज जेवण झाल्यावर एक फाइल घेऊन 'जरा पडताळणी करायला' तिथे जात आणि फाइल उशाशी घेऊन घोरत. ट्रेच्या मागे कोणाचं तरी दही विरजत पडलेलं असे. एकदा तर कोपऱ्यात आंब्यांची अढी सापडली. नरहरने ती उचलून बाहेर नेली, तर आंब्यांचे मालक म्हणून तिघेजण भांडायला आले.

"पंत, तुमच्या श्वासातून जंतू पडतात," नरहर तोंडावर बांधलेल्या फडक्याआडून ओरडायचा. "ही हवा सरकारी आहे. बियाण्यासाठी मंजूर झालेली आहे."

"मीही सरकारीच आहे हो," मधुसूदनपंत डोळे न उघडता म्हणत. "मलाही मंजुरी आहे."

नरहर चिडणार नाही तर काय करील? दोन वेळा त्याने सरकी पेरली आणि दोन्ही वेळा वाळूवर पांढरी बुरशी धरली, बी आतल्या आत कुजलं. दोष हवेचा, याबद्दल त्याला शंका नव्हती. माणसं आत येतात, श्वास सोडतात, विडीचा वास आणतात, डोक्याला तेल चोपडून येतात. त्याने खिडक्यांच्या फटी खळ लावून कागदाने बुजवल्या, ताट्यांवर दुप्पट पाणी मारायला लावलं आणि दाराला कुलूप घातलं. अमरावतीचे साहेब पुढच्या आठवड्यात शेवटची उगवण बघायला यायचे होते. यावेळीही बी कुजलं, तर नरहरचा वाण कायमचा रद्द आणि त्याच्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी वाण तालुक्यात जाणार.

नियम म्हणजे नियम. त्याने बायकोलाही सूट दिली नव्हती. कुंदाच्या पाठीवर घामोळं उठलं होतं. क्वार्टरचे पत्रे सकाळी नऊपासून तापत.

"अहो, दुपारचा तासभर बसू द्या ना मला तुमच्या खोलीत," ती म्हणाली होती. "एका बाजूला बसेन. कशाला हात लावणार नाही."

"श्वास घेशील ना पण?"

"घरीही घेतेच."

"घरी कपाशी नाही."

कुंदा पदराने वारा घेत स्वयंपाकघरात निघून गेली.

तर नरहरने तिसऱ्यांदा सरकी पेरली आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या बापूजींच्या मुलीचं लग्न होतं. वरात मारेगावकडून आली होती. सूर्य डोक्यावर, नवरदेव घोड्यावर, आणि अंगात गरम कापडाचा कोट. कोट नवा होता, तो काढायला नवरदेव तयार नव्हता. ऑफिसच्या फाटकासमोर वाजंत्री रंगात आली, घोडा नाचला आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट सावकाश एका बाजूला कलंडला. लोकांनी वरच्यावर झेलला म्हणून डोकं वाचलं.

"ऊन लागलं, ऊन लागलं," एकच गलका झाला. "सावलीत घ्या त्याले."

"सावलीत कायले?" गर्दीतून लालसिंगचा आवाज आला. "आमच्या ऑफिसात गारेगार खोली हाय ना. चला, मी दाखवतो."

घरभेदी म्हणतात तो असा. नरहर धावत जाऊन दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला. समोरून चौघांनी उचललेला नवरदेव, मागे सगळी वरात.

"आधी चपला काढा," नरहर म्हणाला. "आणि एकाच माणसाने आत या."

नवरीची आई मैनाबाई पुढे झाली. लग्नाच्या कामांनी तिचा घसा बसला होता, तरी बसक्या आवाजातही तिचं म्हणणं फाटकापर्यंत पोचलं. "माहा जावई मरून राह्यला अन् ह्यो बावा चपला मोजून राह्यला. सरकता का आता, का तुम्हालेबी उचलू?"

नरहर सरकला. सरकला म्हणजे वरातीने त्याला आपल्याबरोबर आत नेला. खोलीत टेबलं आणि ट्रे, नवरदेवाला ठेवायला जागा नाही. तेव्हा कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून कल्पना निघाली आणि लोकांनी एका खिडकीची ओली ताटी खाली ओढून जमिनीवर अंथरली. नवरदेवाला तिच्यावर आडवा केला. मग दुसऱ्या खिडकीची ताटी काढली आणि त्याच्या अंगावर घातली. फटींचे कागद टराटरा फाटले. दोन्ही खिडक्यांतून झळा थेट आत शिरल्या.

"अरे, ताट्या लावा. बियाण्याला ऊन लागेल," नरहर कळवळून म्हणाला.

"नवरदेवाले लागलं त्याचं काही नाही," कोणीतरी सुनावलं.

डॉक्टर आले. नाडी बघून म्हणाले, जिवाला धोका नाही, पण दिवस मावळेपर्यंत याला उन्हात काढायचा नाही. भटजी म्हणाले, मुहूर्त दिवस मावळेपर्यंत थांबत नसतो. यावर बापूजींनी उपरणं सावरलं आणि तोडगा काढला. "मंग नवरीलेच इकडे आणा. लगन इथंच लावू."

नरहरचं कोणी ऐकलं नाही. तो ओरडला, त्याने वरच्या कचेरीत कळवण्याची धमकी दिली, मधुसूदनपंतांना मध्ये पडायला सांगितलं. पंत तोवर नवरदेवाच्या चुलत्याशेजारी मांडी घालून बसले होते. ते म्हणाले, "अहो नरहर, शुभकार्यात असं तोंडाला फडकं बांधून फिरू नका. बरं दिसत नाही."

नवरी आली. तिच्याबरोबर आळीतल्या बायका आल्या, आणि बायकांत ठेवणीतलं लुगडं नेसून कुंदाही आली. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं, पंख्यासमोरची जागा पकडली आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. तो श्वास नरहरला खोलीच्या दुसऱ्या टोकाला दिसला. पण शंभर माणसं श्वास घेत असताना एका बायकोला काय बोलायचं?

अंतरपाट टेबलांच्या मधोमध धरला गेला. अक्षता तांदळाच्या असत्या तर एक वेळ ठीक होतं, पण इकडे अक्षता ज्वारीच्या. कुंकवात घोळलेली टपोरी ज्वारी मुठीमुठीने उडू लागली. नरहर ट्रेवर ओणवा पडला. एका ट्रेवर छाती, दुसऱ्यावर हात, तिसऱ्यावर त्याचा कोट. चौथ्यावर मात्र 'सावधान' म्हणताच ज्वारीचा पाऊस पडला. दाणे वधूवरांवर पडले, टप्पा खाऊन वाळूत गेले, नरहरच्या मानेतून पाठीत उतरले. होम तरी आत करू नका, म्हणून त्याने भटजींचे पाय धरले. भटजी भले माणूस. त्यांनी होम उंबऱ्याबाहेर मांडला, आणि दारातून येणाऱ्या वाऱ्याने तुपाचा सगळा धूर खोलीत आणून सोडला.

दिवस मावळल्यावर वरात गेली. नवरदेवाखालची ताटी मोडून तिचा चुरा झाला होता. अंगावरची ताटी त्याच्यासकट बैलांच्या दमणीत चढली, कारण वाटेत पुन्हा त्रास झाला तर हाताशी असावी. नव्या ताट्या यवतमाळहून येणार, आणि त्या कधी येतील ते सांगायला कोणी तयार नव्हतं. नरहर उघड्या खिडक्यांच्या खोलीत डोक्याला हात लावून बसला.

"तीन वर्षांची मेहनत मातीत घातली या लोकांनी," घरी आल्यावर तो म्हणाला.

"मातीतच घालायची असते ना?" कुंदाने विचारलं. पण त्याचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं, आणि तिने त्याला ताक दिलं.

दोन-तीन दिवस तो त्या खोलीकडे फिरकला नाही. मग नाइलाजाने, घाण झालेली वाळू तरी फेकावी म्हणून लालसिंगला घेऊन आत गेला. बघतो तो काय, ट्रेमधून हिरवेगार कोंब वर आलेले. क्षणभर त्याला ती कपाशीच वाटली, मग तो वाकला. पातळ, टोकदार पान. ज्वारी. सरकारी वाळूत कपाशीच्या जागी बापूजींच्या घरची ज्वारी डुलत होती.

"उचल ट्रे," तो लालसिंगवर ओरडला. "नेऊन ओत उकिरड्यावर."

लालसिंगने ट्रे उचलला, फाटकापर्यंत नेला आणि तिथे मैनाबाईने तो अडवला. तिने आत डोकावून बघितलं आणि दोन्ही हात जोडले. "अवं बया. माह्या पोरीच्या अक्षता उगवल्या."

झालं. ट्रे परत आत आला आणि मैनाबाई दारात ठाण मांडून बसली. लग्नातल्या अक्षता उगवणं म्हणजे केवढा शकुन. नवरी सासरहून पहिल्यांदा माहेरी येईपर्यंत एकाही कोंबाला कोणी हात लावायचा नाही, असं तिने ठरवलं आणि आळीने ते उचलून धरलं.

"बाई, ही सरकारी वाळू आहे," नरहर म्हणाला.

"वाळू न्या तुमची. कोनं अडवलं? अक्षता आमच्या हायेत."

आता अक्षता ठेवून वाळू कशी न्यायची, हे नरहरला सुचेना. बायका रोज येऊ लागल्या. हळदकुंकू वाहत, हाताने चार थेंब पाणी शिंपडत, गाणी म्हणत, आणि सावलीला दुपारभर टेकत. कुंदा तर विणकाम घेऊनच येई. नरहर व्हरांड्यात तापलेल्या खुर्चीवर बसून दात-ओठ खाई. साहेब आले की काय सांगायचं, याची त्याने मनात शंभर वेळा जुळवाजुळव केली आणि दर वेळी ती 'साहेब, मी नाही' या शब्दांवर येऊन अडकली.

साहेब आले. आत मैनाबाई ट्रेवर कुंकू वाहत होती. साहेबांनी तिला नमस्कार केला, चष्मा लावला आणि ट्रेवर वाकले. खूप वेळ वाकून राहिले. नरहरने डोळे मिटून घेतले.

"नरहरराव, इकडे या. हे काय आहे?"

"ज्वारी, साहेब. मी नाही—"

"ज्वारी दिसतेय मला. तिच्या बुडाशी बघा."

ज्वारीच्या गर्दीत, वाळू फोडून, जाड्या दुहेरी पानांची कपाशी वर आली होती. एक नाही, दोन नाही, ओळीच्या ओळी. साहेबांनी सगळे ट्रे स्वतः मोजले. कुजलेलं बी शोधावं लागत होतं. नरहरच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ते लपवायला तोंडावर फडकं नव्हतं.

"दोन वेळा कुजलं आणि आता एवढं?" साहेब म्हणाले. "यावेळी वेगळं काय केलंत?"

नरहर खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला, "लग्न लागलं, साहेब."

"अभिनंदन. पण सरकीला काय केलंत?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. घोडा, ताट्या, ज्वारी, धूर, शंभर माणसं. साहेब गंभीरपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "उगवण उत्तम आहे. पण एकदा झालं तो योगायोग म्हणतात. पुन्हा करून दाखवा, मी वाण मंजूर करतो. आणि परिस्थिती हुबेहूब तीच ठेवा. नेमकं कशानं साधलं ते ना तुम्हाला माहीत, ना मला. तेव्हा एकही गोष्ट गाळायची नाही."

संध्याकाळी कुंदा म्हणाली, "अहो, बहुतेक खिडक्यांनीच झालं असेल. आधी नुसता दमटपणा कोंडून ठेवत होतात तुम्ही. मोकळं वारं लागलं, ऊब मिळाली, उगवलं. त्यात लग्नाचं काय?"

"तुला काय कळतं?" नरहर उसळून म्हणाला. "शास्त्रात असा अंदाज चालत नाही. साहेबांनी एकही गोष्ट गाळू नका म्हणून सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी त्याने नव्या ट्रेंत पुन्हा सरकी पेरली. दार सताड उघडं ठेवलं. मधुसूदनपंतांना हाताला धरून आत नेऊन निजवलं. लालसिंगच्या हातात यवतमाळहून एकदाच्या आलेल्या नव्या ताट्या दिल्या, कारण नवरदेव कशावर ठेवायचा हा प्रश्न होता. आणि भर दुपारी, टोपीवर ओला रुमाल टाकून, तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. लग्नसराई संपत आली होती, मुहूर्त मोजकेच उरले होते, आणि त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

एक वरात आली. वाजंत्री वाजत होती. घोडा होता, घोड्यावर नवरदेव होता. पण त्याच्या अंगात पातळ मलमलीचा सदरा होता, डोक्यावर छत्री धरलेली होती आणि खिशात उन्हावर उतारा म्हणून भलामोठा कांदा फुगलेला दिसत होता. नवरदेव तरतरीत होता. फाटकासमोर घोडा नाचला, तरी हा हसत बसून राहिला. नरहर वरातीबरोबर आशेने वळणापर्यंत चालत गेला आणि घामाघूम होऊन परत आला.

"या लोकांना," तो लालसिंगला म्हणाला, आणि रागाने त्याचा आवाज चिरकला, "सरकारी कामाची काही चाडच नाही."