सरकार आणि फाटकापलीकडचं गाव

सरकार मळके कपडे आधी इस्त्री करायचे आणि मग धुवायला न्यायचे.

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या बिल्डिंगची लॉन्ड्री रूम तळघरात होती. आम्ही सगळे पायजम्यावर, पिशवी फरफटत जायचो. सरकार मात्र कोट घालून, घड्या केलेल्या मळक्या शर्टांची चळत हातांवर तोलत जिना उतरायचे. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "चुरगळलेलं काहीही लोकांसमोर न्यायचं नाही. रिवाज आहे."

हे 'रिवाज आहे' त्यांच्या तोंडी सारखं असायचं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका टीचभर संस्थानाचे ते धाकटे राजपुत्र. संस्थान त्यांच्या जन्माआधीच विलीन झालेलं. उरला होता गळका राजवाडा, थोरल्या भावाचा गादीचा मान आणि रिवाज. इथे ते सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. ऑफिसात सगळे त्यांना 'राज' म्हणत, तेव्हा ते मान किंचित झुकवत. मॅनेजरला वाटे, यांना मानेचा त्रास आहे. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, वाढून घ्यायला स्वतः उठत नसत. कुणी आग्रह केला नाही, तर उपाशी घरी जात. माझी बायको मीनल त्यांचं ताट आधीच भरून ठेवायची.

थंडीतल्या एका शनिवारी सकाळीच त्यांनी दार वाजवलं. सूट, टाय, गुळगुळीत दाढी.

"माझं कॉलिंग कार्ड संपलंय. एक फोन करू का? आमच्या आईसाहेब गेल्या."

दूध संपलंय म्हणावं, तसं म्हणाले.

जाणं शक्यच नव्हतं. व्हिसाचे कागद अडकले होते आणि अंत्यसंस्कार त्याच संध्याकाळी होते. आईसाहेबांबद्दल आम्ही त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. गावात तापाची साथ आली, तेव्हा त्यांनी दरबारात खाटा टाकल्या आणि स्वतः लोकांच्या उशाशी बसल्या. गाव त्यांना राणीसाहेब म्हणायचं विसरून आईसाहेबच म्हणू लागलं होतं.

नंबर लावून मी फोन स्पीकरवर ठेवला. आधी नुसता गलका, मग थोरले भाऊ, दादासाहेब.

"बाळराजे, मी फाटकाच्या आत उभा आहे. अख्खं गाव लोटलंय, दर्शन मागतंय. कुलूप घातलं, तर शिव्या देतायत. एक दगडही आला. पोलिसांना बोलवू?"

"राजघराण्याचं दुःख चारचौघांत मांडायचं नाही," सरकार म्हणाले. "रिवाज आहे. मागच्या बागेत उरकून घ्या. दोन ओळींचं निवेदन फाटकावर लावा."

"लावलं होतं. फाडलं त्यांनी."

तेवढ्यात गलक्यातून एका म्हातारीचा चिरका आवाज वर आला. "धाकल्या सरकारांना तरी कळवा रे! माझं पोर आईसाहेबांनी मांडीवर घेऊन जगवलंय. मला त्यांचे पाय तरी शिवू द्या!"

सरकार हळूच खुर्चीत बसले.

"दादासाहेब, आबासाहेब गेले, तेव्हा आपल्या दोघा पोरांना गच्चीत उभं केलं होतं. आठवतं?"

"हो."

"खाली गाव रडत होतं, आपण दोघं ताठ उभे. माझं तोंड वाकडं झालं, तर काकासाहेबांनी मागून चिमटा काढला. त्यानंतर मला रडूच येत नाही हो. आजही येत नाहीये. पहाटेपासून प्रयत्न करतोय."

पलीकडे गलका चालूच होता.

"दादा," ते म्हणाले. भावाला अरेतुरे करताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "फाटक उघड. त्यांना तरी रडू दे."

बऱ्याच वेळानं लोखंड करकरलं. गलका एकदम थांबला. मला वाटलं, लाइन गेली. मग बायकांचा हंबरडा फुटला आणि आमचा छोटा हॉल त्या आवाजानं भरून गेला. फोनच्या अगदी जवळ एक पुरुष हुंदके देत होता.

"बाळ्या, अरे, ती म्हातारी माझ्या गळ्यात पडलीय," दादासाहेब कसेबसे म्हणाले. मग बहुधा मोबाइल कुठेतरी ठेवला गेला.

आता सरकारांशी कुणीच बोलत नव्हतं. त्यांनी स्पीकर बंद करून रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. मीनलनं ठेवलेल्या चहावर साय धरली. त्यांचा चेहरा कोरडाच होता.

"ठेवायचा का फोन?" मी हळूच विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"अजून रडतायत," ते म्हणाले. "थोडं ऐकू द्या."