एक्केचाळीस माणसं आणि एक शेळी

सेंट जोसेफची शपथ, ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या हातचं जेवू नका.

शिकागोच्या आमच्या इटालियन गल्लीत फिलोमेनाच्या दोन खोल्यांत नवरा, तीन पोरं आणि चार पोटभाडेकरू राहायचे. मालकाचा हुकूम होता, घरात सहाच्या वर माणूस दिसलं की सामान रस्त्यावर. त्या नोव्हेंबरात समाजाचा अभ्यास करणारी मिस हॅलवर्थ वही घेऊन दारोदार माणसं मोजायला लागली. विद्यापीठातले पुरुष समाजशास्त्र खुर्चीत बसून लिहायचे, ही जिने चढून लिहायची. पण गल्लीला ती मालकाची हेर वाटली.

"फिलोमेना, माझी चार माणसं घे गं घटकाभर," शेजारची कार्मेला मागच्या जिन्यावरून म्हणाली. "बया माझ्या दारात आलीये."

"चार? जिन्यावर तीस दिसतायत."

"बाकीची माझ्या शेजारच्या रोझारियाची. आणि तिच्याकडे आलेली पलीकडची."

बाई पुढच्या दारानं एकेक घर सरकत होती, जादा माणसं मागच्या जिन्यानं. फिलोमेनाचं घर शेवटचं. त्यापुढे भिंत.

फिलोमेनानं बाईला दार उघडलं तर आत एक्केचाळीस माणसं. दोघं कपाटावर. खिडकीशी कार्मेलाची शेळी.

"आज सेंट जोसेफचं जेवण आहे," फिलोमेना म्हणाली. "येईल त्याला वाढायचं, अशी रीत आमची."

"तो सण मार्चात असतो ना?"

"आमच्या गावचा लवकर येतो."

"आणि शेळी?"

"तिचं नाव जोसेफिना."

मग काय, नऊ जणांचा घेवडा एक्केचाळीस जणांत वाढावा लागला. मिस हॅलवर्थ ताट घेऊन जिन्यावर बसली. सगळ्यांशी बोलली, सगळं लिहिलं.

"बाकी गल्ल्यांत महिना जातो," निघताना ती म्हणाली. "कोणी खरा आकडा सांगतच नाही. तुम्ही सगळे एकत्र आणून बसवलेत."

"मालकाला सांगाल?" फिलोमेनानं विचारलं.

"मालकाला कशाला? मला नगरपालिकेला दाखवायचंय, एवढ्या माणसांना एकच नळ आहे ते." तिनं वही पुढे केली. "आणि कोणाच्या घरात किती, ते मलाच कुठे कळलंय? मी अख्खी गल्ली एका आकड्यात लिहिलीय."

वसंतात अंगणात दुसरा नळ आला. सामान कोणाचंच रस्त्यावर गेलं नाही.

शेळी मात्र माझ्या पदरची. कार्मेलाकडे शेळी नव्हतीच. जिना चढून आलं होतं ते गाढव.