माशासाठी मीठ

सकाळी दाणे टाकले तरी साहेब वर आला नाही, तेव्हा अप्पांनी चष्मा पुसला आणि टाकीच्या काचेला नाक लावलं. साहेब म्हणजे एक नारिंगी गोल्डफिश. दिवसभर काही करायचं नाही आणि खायच्या वेळी सगळ्यांच्या पुढे, म्हणून अप्पांच्या बायकोने त्याला हे नाव दिलं होतं. टाकी तिची, मासे तिचे. ती जाऊन पाच महिने झाले होते आणि तेवढ्यात सातांपैकी हा एकच उरला होता. आज त्याच्या अंगावर आणि शेपटीवर बारीक पांढरे ठिपके आले होते आणि तो तळाच्या दगडाला अंग घासत होता.

अप्पा तडक टाकीच्या दुकानात गेले.

"मीठ घाला," दुकानदार म्हणाला. "साधं खडे मीठ. साठ लिटरची टाकी ना तुमची? सव्वाशे ग्रॅम पुरे. पण एकदम ओतू नका. तीन भाग करायचे, प्रत्येक भाग वेगळ्या पाण्यात विरघळवून दीड-दोन दिवसांत घालायचे. वहिनी घालायच्या की."

"मला कधी दिसलं नाही."

"तुम्ही मीटर वाचायला गेलेले असाल."

अप्पांनी चौतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले होते. कोणी कितीही गळ घातली तरी आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. मोजूनमापून करायचं काम त्यांच्या हातचं होतं. अडचण एवढीच, की घरात मीठ नव्हतं.

त्याला कारण डॉक्टर आणि डॉक्टरांपेक्षा मुलगी. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मीठ कमी करा. आई गेल्यावर आपल्या गावी परत जाताना मुलीने ते बंदच करून टाकलं. बरणी धुऊन पालथी घातली आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'बाबांनी कितीही गयावया केली तरी कृपया त्यांना मीठ देऊ नये.' कोपऱ्यावरचा किराणा दुकानदारही त्या ग्रुपवर होता.

"मीठ संपलं, अप्पा," तो म्हणाला.

"तुझ्यामागे पोतं आहे."

त्याने मागे वळून पाहिलं. "ते विकायचं नाही. त्यावर मांजर बसतं."

"अरे, मला नकोय. माशाला हवंय."

"मासा कधी आणलात?"

"आणलेला नाही. पाळलेला."

"पाळलेल्याला मीठ लावताय?" दुकानदाराने मान हलवली. "अप्पा, एवढे दिवस काढलेत, आणखी थोडे काढा."

अप्पा तिसऱ्या मजल्यावर सिस्टरांकडे गेले. सिस्टर नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण रक्तदाबाचं यंत्र त्यांनी निवृत्त होऊ दिलं नव्हतं.

"वाटीभर मीठ द्या."

"बसा. बाही वर करा." त्यांनी पट्टा आवळला. "एकशे चोपन्न. चोरून खाताय."

"मिळालं तर खाईन ना? माशासाठी मागतोय."

"माझ्या वॉर्डात एक जण कुत्र्यासाठी मागायचा. कुत्रा नव्हताच."

अप्पा खाली गेले, साहेबाला बघून आले, पुन्हा वर गेले. आता एकशे सहासष्ट.

"चिडलोय म्हणून वाढलाय."

"मीठ खाणारे असंच म्हणतात."

"मी दुसऱ्या दुकानात जातो."

"हा आकडा घेऊन तुम्ही जिना उतरणार?" सिस्टरांनी त्यांच्या चपला उचलून कपाटात ठेवल्या आणि त्यांच्यादेखत मुलीला फोन लावला. पुढच्या वेळी पट्टा आवळला तेव्हा एकशे अठ्ठ्याहत्तर निघाले. ते ऐकल्यावर मुलीने हातातलं काम टाकलं आणि बस पकडली.

दुपारी ती आली ती थेट स्वयंपाकघरात. डबे उघडले, गादी उचलली, बुटांतही हात घातला. अप्पा दारात अनवाणी उभे राहून बघत होते.

"तुला काय शोधायचं ते शोध," ते म्हणाले. "पण आधी टाकीत बघ."

तिने बघितलं. साहेब तळाशी एका कुशीवर पडला होता. तोंड तेवढं उघडमीट होत होतं.

"हा कधीपासून असा?"

"सकाळपासून. सकाळपासून मी सगळ्यांना तेच सांगतोय."

"मला का नाही फोन केलात?"

"मनाई तूच केलेली. दाद कोणाकडे मागायची?"

तिने टाकीच्या दुकानदाराला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, "अजून घातलं नाही? कशाची वाट बघताय?"

मग मात्र सगळ्यांची धांदल उडाली. किराणावाला मांजराला उठवून मीठ घेऊन आला. सिस्टरांनी ते औषधासारखं तोललं. मुलीने त्याचा पहिला भाग विरघळवून हळूहळू टाकीत सोडला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिली. "आईचा हा शेवटचा," एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी साहेब सरळ झाला. नवव्या दिवशी ठिपके गेले. मुलगी निघताना म्हणाली, "बाबा, चुकलं माझं." तिने ग्रुपवरची जुनी सूचना काढली आणि नवी लिहिली, 'बाबा खरं बोलतात.' उरलेलं मीठही माशासाठी म्हणून टाकीखालच्या कपाटात ठेवून गेली.

ती गेली त्या दुपारी अप्पांनी अंडं उकडलं. कपाटातून चार खडे घेतले, वाटीच्या बुडाने चिरडले आणि अंड्यावर घातले. जिभेची सवय इतकी मोडली होती, की डोळ्यांत पाणी आलं. तरी त्यांनी दुसरं अंडं उकडलं.

मग त्यांना काही बसवेना. ते सिस्टरांकडे गेले. "मी मीठ खाल्लं."

सिस्टरांनी पट्टा आवळला. "एकशे अडतीस. मीठ खाल्लेल्याचा असा असतो होय? जा, पडा जरा."

किराणावाला म्हणाला, "अप्पा, आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालंय. आणखी लाजवू नका."

मग त्यांनी मुलीला फोन करून तेच सांगितलं. "बाबा, मी माफी मागितली ना? किती दिवस टोमणे मारणार आहात?"

"टोमणा नाही गं. दोन अंड्यांना लावून खाल्लं."

"बरं, खाल्लंत. आता औषध घ्या."

अप्पांनी फोन ठेवला. घरात टाकीच्या मोटारीचे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. बायकोला हे सांगावंच लागलं नसतं. तिने तोंडाकडे एकदा बघितलं असतं आणि विचारलं असतं, किती?

त्यांनी खुर्ची टाकीजवळ ओढली.

"पहिल्याला चार खडे," ते म्हणाले. "दुसऱ्याला तीन."

साहेब वर आला, काचेशी थांबला, दाणे नाहीत हे पाहिलं आणि पाठ फिरवून निघून गेला.