डोमाभाऊंची निजलेली बांधी

डोमाभाऊंच्या शेतात जायचं म्हणजे आधी देश ठरवावा लागतो. नातवंडांनो, मूल या तालुक्याच्या ठिकाणापुढे आपलं गाव आणि माझ्या शेजारी हा माणूस. धानाच्या सात बांध्या. बांधी म्हणजे मातीचे धुरे घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. नाल्याकाठच्या बांधीत पुराचा गाळ बसतो, म्हणून ती मिसर, म्हणजे इजिप्त. चिनी शेतकरी धानात मासे सोडत, हे कळल्यावर दुसरीत मासे सोडले. ते बगळ्यांनी खाल्ले, पण नाव चीनच राहिलं.

दोष माझाच. शाळेतून निवृत्त झाल्यावर रोज चार वाजता, चहाच्या आधी, मी त्यांना जगातल्या शेतीचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मराठीत सांगत असे. घरी एकटा माणूस. ऐकलेलं सगळं जाऊन बांध्यांना सांगायचा. कोणी हसलं की एकच उत्तर, "जगाले पुसा!" म्हणजे जगाला विचारा.

प्राचीन काळी ज्यू शेतकरी सातव्या वर्षी जमिनीला विसावा देत, हे मी वाचलं आणि झालं! दरवर्षी पाळीपाळीने एक बांधी निजू लागली. यंदा रस्त्याकडची.

नेमके श्रावणात खाणीच्या रस्त्यासाठी मोजणीवाले आले. रस्ता पडीक जमिनीतून काढायचा होता. साहेबांनी त्या बांधीपुढे लिहिलं, 'पडीक'.

"पडीक काऊन लिवता? निजली हाये ते."

"जमीन झोपते का, भाऊ?"

"तुमी नाई झोपत? जगाले पुसा!"

"सोमवारी पंचनामा आहे. पीक दिसलं तर खोडतो."

गावाने सांगून पाहिलं, उठवा तिला. डोमाभाऊ दोन दिवस हटले नाहीत. "म्या शब्द देला हाये तिले. साहेबाच्या कागदासाठी मोडू?"

शेवटी मीच म्हणाले, "भाऊ, वरून रस्ता गेला तर ती कायमचीच निजेल."

ते उठले. बैल सोडून नांगर जुंपायला गेले.

ज्याच्या त्याच्या शेतात उरलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, बायांनी डोक्यावरून आणली. रविवारी रोवणा, म्हणजे धानाची लावणी. मीही पदर खोचून उतरले आणि ओळी सरळ याव्यात म्हणून दोरी ताणू लागले.

"बाई, हे शाळा नोय, चिखल होय," शेजारची रखमा ओरडली. "हात चालवा!"

सोमवारी साहेब आले. गाव सगळं धुऱ्यावर उभं. त्यांनी हिरव्या बांधीकडे पाहिलं, माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि 'पडीक' खोडलं. बाया एका सुरात ओरडल्या, "जगाले पुसा!"

ज्याचं वाक्य, तोच गर्दीत नव्हता. डोमाभाऊ बांधीच्या पलीकडच्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते, मनगटापर्यंत हात चिखलात घालून. मी जवळ गेले तरी त्यांना कळलं नाही.

"झोपमोड केली वो माय तुई," ते हळूच म्हणत होते. "पुढच्या साली नीज. मी जागतो."