बारा मिनिटांचा रस्ता

फोन सासूबाईंच्या फाटकापाशी पोचल्यावरच करायचा, अशी ओत्तोरिनोने सकाळी शपथ घेतली होती. तो त्याने रोमन पुलावरूनच केला. झालं एवढंच, पण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आमच्याकडे, व्हितेर्बोच्या या डोंगराळ मुलखात, रविवारच्या जेवणाचे दोन कायदे आहेत. सगळ्यात शेवटी येणाऱ्याने वाटेतून फोन करून "पास्ता टाका" म्हणायचं, हा पहिला. आणि तो आल्याशिवाय बाकीच्यांनी काटा उचलायचा नाही, हा दुसरा. पास्ताला मात्र कुठलाच कायदा लागू नाही. एकदा उकळत्या पाण्यात पडला की तो आपल्या वेळेला शिजतो आणि कुणाचीही वाट बघत नाही.

ओत्तोरिनो गेले तीन रविवार "आलोच" म्हणून फोन करत होता आणि तासाभराने उगवत होता. त्याच्या सासूबाई आर्मिदा पास्ता हाताने वळतात, दोऱ्यांसारखा लांब आणि चांगला जाड. तीनही रविवारी त्या पास्ताची भिंतीवर पोस्टर चिकटवायला होते तशी खळ झाली. मंडळींनी ती मुकाट्याने गिळली.

चौथ्या रविवारी सकाळी त्याची बायको लोरेदाना मोटारीत बसता बसता म्हणाली, "चल गाडीतून."

"मी सायकलने येतो. ठरलंय आपलं."

"तुझं ठरलंय. मग माझंही ऐक. आज खळ झाली, तर ती सायकल चर्चच्या लॉटरीत. फादर फाउस्तोंना मी शब्द दिलाय."

"लोरे, तू असं करणार नाहीस."

"पहिलं बक्षीस लावणारेत ते."

आता ही सायकल म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. जाड टायर, मुरडलेलं हँडल, पिकल्या अंजिराचा रंग. खास खडीच्या रस्त्यासाठी बनवलेली. ओत्तोरिनो तिला झोपायच्या खोलीत ठेवायचा. (लोरेदानाचं शिवणयंत्र व्हरांड्यात होतं.) चोपन्न वर्षांच्या आयुष्यात, नगरपालिकेच्या रस्ते खात्यात एकतीस वर्षं शिक्के मारल्यानंतर, आपल्या मनासारखी म्हणावी अशी ही एकच वस्तू त्याच्याकडे होती. ती गेली असती तर तो खरोखर रडला असता.

रस्ताही त्याचाच होता म्हणा ना. क्लोदिया या जुन्या रोमन मार्गाच्या कडेचा अकरा किलोमीटर खडीचा पट्टा त्याने चार वर्षं अर्ज करकरून वाहनांना बंद करून घेतला होता. पायी माणूस, सायकल आणि जनावर, बस्स. दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक फाट्यावर लोखंडी आडवा बार आणि कुलूप. उद्घाटनाला त्याने भाषणही केलं. "जिथून रोमन फौजा गेल्या तिथून डिझेलचा धूर जाणार नाही!" टाळ्या बऱ्यापैकी पडल्या.

तर बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी तो पुलावर होता. हँडलला मिठायांचा खोका लटकत होता, फितीने बांधलेला. खाली ओढा, दोन्ही बाजूंना ओक, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. वारा पाठीमागून. उरले अडीच किलोमीटर. त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि बारा मिनिटं काढली. जेवण एकला. पास्ताला लागतात दहा. म्हणजे आपण हात धुऊन बसतो न बसतो तोच वाफाळती थाळी पुढ्यात! लोरेदानाचं तोंड बघण्यासारखं होईल. त्याने फोन लावला.

सासूबाईंनीच उचलला. "कोण, ओत्तोरिनो? कुठे आहेस रे बाबा?"

"दारातच समजा. पास्ता टाका!"

"टाकू म्हणतोस?"

"टाका, टाका!"

"बरं बाबा," आर्मिदा म्हणाल्या. इतक्या गोड आवाजात त्या गेल्या वीस वर्षांत त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. तिथेच त्याला शंका यायला हवी होती.

पहिली चार मिनिटं तो राजासारखा गेला. मग खडी संपून मूळ रोमन फरसबंदीचा तुकडा लागला. काळे, बैलाच्या पाठीएवढे दगड आणि त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. बाजूने खडीची पायवाट वळसा घालून जाते. तसा फलक आहे. (फलक ओत्तोरिनोनेच लावलाय.) पण वळशाला एक मिनिट जास्त लागतं. तो सरळ दगडांवर चढला.

पुढचं चाक बरोब्बर चाकोरीत गेलं. दोन हजार वर्षांपूर्वीचे गाडीवान बहुतेक सावकाश जात असावेत. ओत्तोरिनो सावकाश जात नव्हता. तो हँडलवरून मिठायांच्या खोक्यावर पडला, त्यामुळे लागलं कमी. पण चाक आउट झालं ते असं, की फ्रेममधून फिरेचना.

"थांबवा!" तो फोनमध्ये ओरडला. फोन मेला होता. दोन्ही बाजूंनी उभा कापलेला खडक. तिथून पार सासूबाईंचं फाटक येईपर्यंत रेंज कधीच नसते. घड्याळात बारा त्रेपन्न. तिकडे पास्ता रटरटत असणार, आणि त्याबरोबर अंजिरी सायकलही.

त्याने ती खांद्यावर टाकली आणि पळत सुटला. पहिल्या फाट्यावर, बारच्या पलीकडे, सासूबाईंचा शेजारी ओरेस्ते आपल्या तीनचाकी टेम्पोत बसून सुरीने सफरचंद कापत होता.

"ओत्तोरिनो! अरे, ही सायकल तुझ्यावर बसलीय की काय?"

"ओरेस्ते, देवासारखा भेटलास. सोड मला सासूबाईंकडे! या रस्त्याने दोन मिनिटं लागतील."

"सोडतो की. उघड बार."

"किल्ली नाहीये."

"कुणाकडे आहे?"

"ऑफिसात. माझ्या खणात."

ओरेस्तेने सफरचंदाची फोड शांतपणे तोंडात टाकली. "या बारमुळे मी रोज सहा किलोमीटर वळसा घालून माझ्या ऑलिव्हांकडे जातो. कुठल्या गाढवाने लावलं रे हे कुलूप?"

"नगरपालिकेने," ओत्तोरिनो म्हणाला.

"नगरपालिकेतल्या कुठल्या गाढवाने?"

बारा छप्पन्न. वाद घालायला वेळ नव्हता. ओत्तोरिनोने सायकल बारवरून पलीकडे दिली. "ही तरी घेऊन ये बाहेरून. जपून आण!" मग त्याने खाली लोखंडी खिळे असलेले बूट काढले, कारण ते घालून पळता येत नव्हतं, आणि नुसत्या मोज्यांनी खडीवरून धावला. ही खडी बारीक आणि टोकदार हवी, असा शेरा त्यानेच फायलीवर मारला होता. सबंध वाटेत एकही गाडी आडवी आली नाही. आली असती तर तो तिच्यापुढे आडवा पडला असता.

गावच्या घंटेने एकचा टोला दिला तेव्हा त्याने फाटक ढकललं. लोरेदाना घड्याळ बघत पायरीवर उभी होती. मोज्यांतून बाहेर आलेले अंगठे, कपाळावर चिकटलेलं क्रीम आणि काखेत चपटा खोका, अशा त्या ध्यानाकडे तिने पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"तू? वेळेवर?"

"लॉटरी रद्द!" ओत्तोरिनो कसाबसा म्हणाला आणि स्वयंपाकघरात घुसला. "सासूबाई, वाढा!"

शेगडी विझलेली होती. पातेलं खुंटीला होतं. आर्मिदा कोपरापर्यंत पिठात होत्या आणि समोर कणकेचा गोळा होता, नुकताच ओला झालेला.

"पास्ता?" ओत्तोरिनोने विचारलं.

"करतेय ना."

"पण मी फोन केला होता! टाका म्हणालो होतो!"

"केलास ना, म्हणून तर पीठ मळायला घेतलं," आर्मिदा म्हणाल्या. "तीन रविवार खळ खाल्ली, मग मला अक्कल आली. तुझा फोन म्हणजे अजून तासभर आहे."

लोरेदाना दाराला टेकून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तेवढ्यात ओरेस्तेचा टेम्पो अंगणात आला. त्याने सायकल खाली उतरवली. पुढच्या चाकाचा आकार पाहून लोरेदानाने डोळे पुसले.

"हे पहिलं बक्षीस? फादर मला चर्चच्या पायरीवर उभं करणार नाहीत. ठेव बाबा तुझ्याकडेच."

सायकल वाचली होती. ओत्तोरिनोचा ऊर भरून आला आणि त्याने सर्वांदेखत तिच्या सीटचा मुका घेतला.

मग सासूबाईंनी त्याच्या गळ्यात ॲप्रन अडकवला, कणकेचा अर्धा गोळा पुढ्यात आदळला आणि ओरेस्तेला बसायला खुर्ची दिली.

"वळ आता," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी वेळेवर यायचं असेल ना, तर आधी सांगत जा. फार धांदल उडते आमची."