बेछत भीमथडीच्या सीमोल्लंघनाची हकीकत

श्री बिरोबा प्रसन्न.

न्हावऱ्यापासून भांडगावापर्यंत मुलखात चहाच्या टपऱ्यांवर बहुत गप्पा उठल्या की, शंभूराव यांच्या मोटारीचे छत वाऱ्याने उडाले. कोणी म्हणे, छत करावयाचे विसरले. कोणी म्हणे, छत होते, ते कोंबड्यांनी खाल्ले. बोलणाराच्या तोंडास हात कोणी लावावा? परंतु खरे वर्तमान झाकून राहिले तर कर्त्या माणसाच्या कष्टाची माती होते, म्हणून जे घडले ते पदरचे काही न घालता लिहिले आहे. वाचणाराने चित्त स्थिर करून वाचावे. हसू आल्यास आपल्या जबाबदारीवर हसावे.

शके एकोणीसशे वीस, बहुधान्य नाम संवत्सर, ते समयी न्हावऱ्यानजीक वस्ती करून राजमान्य राजश्री तात्याबा हे राहत होते. वाडवडील मेंढरांमागे मुलूख तुडवणारे. पुढे कालव्यास पाणी आले, आणि मेंढरे विकली, आणि ऊस लावला, आणि पाय एका जागी स्थिरावले. अवघा मुलूख त्यांस आबा म्हणे. डोईस आठ हात लांबीचा तांबडा पटका, तो सूर्योदयापूर्वी बांधावा आणि दिवा मालवल्यावर सोडावा, असा शिरस्ता. दिवसा बिरोबाच्या उंबऱ्याखेरीज तो कोठे उतरला नाही. त्यांच्या कुटुंब गिताबाई साहेब, कारभारात कडक, शब्दास पक्क्या. यांचे चिरंजीव शंभूराव, ज्यांची ही हकीकत.

शंभूराव यांणी पाबळच्या तंत्रशाळेत वेल्डिंगची विद्या संपादिली आणि मग एका कारखान्यात चार वर्षे चाकरी केली. काम काय, तर मोटारींस दरवाजे बसवणे. दिवसास नव्वद दरवाजे बसवावे आणि एकही उघडून आत बसू नये. याचा मनास फार खेद जाहला, आणि एके दिवशी चाकरी सोडली, आणि प्रतिज्ञा केली की, आपली मोटार आपण करीन, ती स्पोर्ट कार करीन, दोन माणसांची, जमिनीपासून वीतभर उंच, आणि नाव भीमथडी ठेवीन. या मुलखाच्या तट्टांनी एके काळी अटकेपर्यंत टापा मारल्या, ते नाव वाया का जावे? हे ऐकून शिरूरचे अकबर मिस्त्री, डेंटिंग-पेंटिंगच्या इल्मात ज्यांचा हात धरणारा नाही, आपले गॅरेज भावाच्या हवाली करून, हातोडी-पान्यांनिशी सामील जाहले. भंगारातून आठशे सीसीचे इंजिन आणले, पाइप जोडून सांगाडा केला, वर फायबरचा अंगरखा चढवण्याचे ठरले. भीमथडी मोटर वर्क्स अशी पाटी अकबर मिस्त्रींनी स्वहस्ते रंगवली.

सरंजाम जमला, परंतु जागा नाही. जागा एकच, ती गिताबाई साहेबांची शेड. साहेबांनी कोंबडीपालनाचे रीतसर शिक्षण घेऊन, शंभर फूट लांब, जाळी मारून, पत्रा टाकून ती उभारली होती, आणि गावरान तीस कोंबड्या आत नांदत होत्या. तेव्हा मसलती होऊन, आदल्या दसऱ्यास आबांच्या समक्ष तह जाहला तो येणेप्रमाणे. शेड एक वर्ष मोटारीकडे. या घरात नवे वाहन, सायकल असो की ट्रॅक्टर, थोरल्याने आधी बसल्याशिवाय रस्त्यास लागत नाही. सबब पुढील दसऱ्यास आबांची स्वारी आत बसून मोटार आपल्या बळावर भीमा ओलांडील आणि सीमोल्लंघन करील, तर शेड मोटारीकडे कायम. न ओलांडील, तर त्याच दिवशी शेडात पाच हजार पिल्ले येतील, आणि शंभूराव निमूट कारखान्यात हजर होऊन पुन्हा दरवाजे बसवतील. शंभूराव यांणी मान हालवली.

मग वर्षभर कस्त केली ती लिहिता कागद पुरणार नाही. फायबरचा साचा मांडला तो तीस कोंबड्यांस रात्रीचा अड्डा म्हणून पसंत पडला. रंग ओला असता एक कोंबडा टपावरून चालत गेला, त्याची पावले घासून काढावयास तीन दिवस लागले. ड्रायव्हरच्या आसनात दोन वेळा अंडी सापडली, ती अकबर मिस्त्रींनी उकडून खाल्ली. एकट्या छताने आठ महिने घेतले. ते शंभूराव यांणी असे गुळगुळीत उतरवले की, पाण्याचा थेंब ठेवावा तो थांबू नये. येता-जाता त्यावर हात फिरवावा आणि आपणच खूश व्हावे. त्या छताइतके लाडके त्यांस दुसरे काही नव्हते, हे घरच्यांसही ठाऊक होते.

दसऱ्याचा दिवस उजाडला. भांडगावाकडून पिल्लांचा टेम्पो दुपारी निघणार, असा फोन गिताबाई साहेबांस सकाळीच आला होता. झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला, चाकांखाली लिंबे ठेवली. आबांची स्वारी स्वच्छ धोतर, नवा पटका अशी सिद्ध होऊन आली, आणि दरवाजा उघडला, आणि आबांनी एक पाय आत घातला, आणि कंबर वाकवली, आणि पटका छतास थडकला. पुन्हा वाकले, पुन्हा थडकला. तिसऱ्या खेपेस आबा मागे सरकले आणि छताकडे असे पाहिले की, शंभूराव दोन पावले मागे हटले.

येथे चूक काय जाहली ते सांगणे प्राप्त आहे. आसनावर बसल्या माणसाच्या उंचीचे माप अकबर मिस्त्रींच्या अंगावर घेतले होते, आणि मिस्त्री पाच फूट दोन इंच. आबांचे माप का घेतले नाही, तर आबांपुढे टेप धरून उभे राहण्याची छाती कोणास नव्हती. अंदाजाने चार बोटे वाढवली, परंतु पटका हिशेबात धरला नाही. जन्मापासून जे डोईवरच पाहिले, ते डोईहून निराळे आहे हे लेकरास कळावे कसे?

“शंभूभाऊ, माप माझ्याच अंगावर घेतलंय की,” मिस्त्री हळूच बोलले. “आन् मी तर साधी टोपीबी घालत न्हाई.”

खलबत बसले. आसनाखालची गादी काढली, पटका अडला. आसनच काढले आणि घोंगडी अंथरून आबांस तळावर बसवावे म्हटले. गुडघे हनुवटीस लागले आणि पटका तरीही चार बोटे अडला. शेवटी शंभूराव यांणी हात जोडून, जमिनीकडे पाहत, अर्ज केला की, आबा, पुलापुरता पटका मांडीवर घ्यावा. त्यावर आबांचा हुकूम जाहला, “गाडीसाठी डोकं उघडं करायचं व्हय? गाडी ऱ्हाऊ दे घरी.” हुकूम संपला. गिताबाई साहेब ओट्यावर उभ्या होत्या. त्यांणी शेडातल्या कोंबड्या बाहेर हाकलून झाडू मागवला.

झाडूचा आवाज ऐकून शंभूराव यांच्या डोळ्यांसमोर नव्वद दरवाजे उभे राहिले. त्यांणी खडू घेतला आणि छताभोवती रेघ ओढली.

“येडं झालाय का?” मिस्त्री ओरडले. “आठ महिनं!”

“कापा,” शंभूराव बोलले.

वीज गेलेली, म्हणून ग्राइंडर मुका. मग लोखंड कापायची साधी करवत घेतली, आणि एका बाजूने मिस्त्री, एका बाजूने शंभूराव, असा घोर संग्राम पावणेदोन तास चालला. फायबरची भुकटी अंगास लागून उभयतां खाजवू लागले, तरी हात थांबला नाही. शंभूराव यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते भुकटीने, असे त्यांणी सांगितले आणि कोणी खोटे म्हटले नाही. अखेर छत सुटले. दोघांनी ते उचलून भिंतीस टेकवले, आणि आसन पुन्हा जाग्यावर बसवले, आणि आबांची स्वारी ताठ मानेने, पटक्यासह, आत विराजमान जाहली.

बाराचे सुमारास कूच जाहले. मागे मिस्त्री आपल्या लूनावर, पान्यांची पिशवी गळ्यात अडकवून, पिछाडी सांभाळीत होते. मजल दरमजल करीत, खड्डे चुकवीत, मोटार भीमेच्या पुलानजीक पोहोचली, तो पुलाच्या तोंडाशी मेंढरांचा कळप आडवा. दोन-तीनशे मेंढरे, दोन कुत्री, आणि मेंढपाळ लांब बाभळीखाली भाकर खात बसलेला. भीमथडीस हॉर्न बसवावयाचा राहिला होता. शंभूराव यांणी दरवाजा वाजवला, हाका मारल्या, इंजिन गुरगुरवले. मेंढरांनी मोटारीकडे पाहिले आणि खाली बसली. इंजिनाचा काटा तांबड्याकडे सरकू लागला. आणखी थोडा वेळ उभे राहिले तर इंजिन उकळून बंद पडणार, हे शंभूराव जाणून होते.

ते समयी आबा आसनावर उभे राहिले. छत असते तर हे न घडते. काचेस हात टेकून, बोटे ओठांस लावून, त्यांणी अशी शीळ घातली आणि वर “हर्र्र, हिक् हिक्” असा पुकारा केला की, मेंढपाळ भाकर टाकून उभा राहिला. मेंढरे उठली, आणि दुभंगली, आणि मधून वाट जाहली. मेंढरे विकून पंधरा वर्षे लोटली होती. आबांचे ओठ विसरले नव्हते. शंभूराव यांणी बापाच्या तोंडाकडे पाहिले. असे तोंड त्यांणी कधी पाहिले नव्हते, ते एखाद्या पोराचे होते.

“बघतो काय?” आबा उभ्यानेच बोलले. “हाण!”

शंभूराव यांणी हाणली. पूल मोकळा, वारा समोरचा. तीस, पन्नास, सत्तर. पुलाच्या मध्यभागी पटक्याचा शेमला सुटला, आणि एक वेढा गेला, आणि दुसरा गेला, आणि आठ हात तांबडे कापड मोटारीमागे निशाणासारखे फडफडले, आणि मागे पडलेल्या लूनावरल्या मिस्त्रींनी उडत आलेले ते धरावयास हात टाकला तो हुकला, आणि पटका कठड्यावरून भीमेत गेला. शंभूराव यांणी ब्रेकवर पाय ठेवला आणि बापाकडे मान वळवण्याचे धाडस केले नाही. बाजूने हुकूम आला.

“पाय काढ त्याच्यावरचा.”

येणेप्रमाणे भीमा ओलांडली. तह पुलापुरता होता, परंतु आबा थांबावयास राजी होत ना. मग तशीच भांडगावापर्यंत स्वारी नेली, सोलापूर रस्त्यावरले ट्रक बाजूस घालून, गिताबाई साहेबांचे बंधू बाळासो यांच्या दारात उभी केली. बाळासोंनी शंभूराव यांस सोने दिले, पाठ थोपटली, आणि मग अदबीने विचारले की, हे सोबतचे पाहुणे कोण? चाळीस वर्षांचे मेहुणे, पण पटका नाही म्हणताना ओळख पटली नाही. आबांस याचा राग यावयाचा, तो न येता ते मोठ्याने हसले.

परतले तो पिल्लांचा टेम्पो पोहोचून रिता होऊन गेलेला. पन्नास खोकी चिंचेच्या सावलीस मांडलेली, आतून चिवचिवाट. शेड झाडून लख्ख, परंतु आत एकही खोके नेलेले नव्हते. मोटार भीमेपलीकडून माघारी येत नाही तोवर निकाल नाही, असे म्हणून गिताबाई साहेब स्वतः दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मोटार थांबली. साहेबांनी आबांस दुरूनच ओळखले, त्यास क्षण लागला नाही. उठून जवळ आल्या आणि डोईकडे पाहत राहिल्या.

“पटका कुठं हाय?”

“भीमंत.”

“म्हंजी पूल वलांडला.”

“वलांडला.”

याहून थोर साक्ष काय पाहिजे? परंतु साहेबांचे लक्ष निकालाकडे नव्हतेच. त्यांणी हात पुढे केला, आणि उन्हात, अवघ्या वस्तीसमोर, आबांच्या डोईवरून फिरवला.

“केसं पिकली की वो सारी,” त्या म्हणाल्या. “कवा पिकली?”

“तुला सांगून पिकत्यात व्हय?”

आणि गिताबाई साहेब हसू लागल्या. पदर तोंडास लावला तरी थांबेनात. आबाही हसू लागले. मिस्त्री हसता हसता लूनावरून उतरावयाचे विसरून लूनासकट आडवे जाहले. एकटे शंभूराव हसले नाहीत. त्यांस रडू आले, आणि या खेपेस भुकटीचे निमित्तही नव्हते.

मग त्याच जागी नवा तह जाहला. पिल्लांस पंधरा दिवस ऊबच लागते, सबब ती माजघरात शेगडी पेटवून ठेवावी, पुढले पुढे पाहावे. शेड मोटारीकडे. माणसांनी शेडात निजावे. या सर्वांवर गिताबाई साहेबांनी एक कलम आपले घातले.

“दुसऱ्या गाडीचं माप माझ्या अंगावर घ्यायचं.”

ते कलम बिनतक्रार मंजूर जाहले. शके एकोणीसशे वीस, आश्विन शुद्ध दशमीस, भीमथडी मोटर वर्क्सची फत्ते जाहली. दुसरे दिवशी सकाळी शेडाच्या मध्यभागी पाटावर गिताबाई साहेब मांडी घालून, डोईवर पदर घेऊन, ताठ बसल्या, आणि शंभूराव यांणी न भिता टेप धरला, आणि अकबर मिस्त्रींनी आकडा खडूने भिंतीवर लिहिला.