घरटी एक थेंब

औषधाचं दुकान म्हणजे नुसत्या गोळ्या कापून द्यायची जागा नव्हे, हे अमडापूरला एकदा दाखवून द्यायचंच असं मी ठरवलं. बोटाच्या एका थेंबात कोलेस्टेरॉल सांगणारं मशीन आणलं आणि देवळाच्या भोंग्यावरून पुकारा करवला, "रविवारी गोपाळच्या मेडिकलमध्ये फुकट तपासणी. एकही घर राहू नये."

खरं तर हा सगळा घाट एका माणसासाठी होता. शेजारचे वामनराव चार पायऱ्या चढले की दम खात उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, गॅस झाला. डॉक्टरचं नाव काढलं की उठून जायचे. निदान माझ्या मशीनला तरी बोट देतील, अशी मला आशा होती.

रविवारी ही रांग! नाव ज्यानं त्यानं वहीत लिहायचं, मी बोट टोचून पुढे आकडा टाकायचा. माझं सगळं लक्ष बोटांवर, चेहरे बघतो कोण? बांगड्यांची किणकिण जरा जास्त वाटली, पण म्हटलं बायका जागरूक झाल्या. संध्याकाळपर्यंत एकसष्ट नावं झाली आणि एकाचाही आकडा दोनशेच्या वर गेलेला नाही. वामनरावांच्या नावापुढे तर एकशे बेचाळीस. मला इतका आनंद झाला की मी पेढे वाटले.

सोमवारी वामनराव हॉटेलात भज्यांची दुसरी प्लेट संपवत होते.

"काका, बोट दुखलं नाही ना?"

"माहं काऊन दुखीन? पुष्पांजली आली होती ना."

पुष्पांजली त्यांची सून. वय चोवीस, अंगानं काडी.

"अहो, पण तपासायचं तुम्हाला होतं."

"भोंग्यावर घराचंच सांगतलं ना तुनं? गावच्या कामाले घरटी एकच माणूस जाते. ते रिकामी होती, तिले धाडलं. खातो तं सारे एकाच चुलीवरचं."

मी वही घेऊन घरोघर फिरलो. किसनरावांनी कॉलेजातली मुलगी पाठवली होती, इंद्रभाननं धाकटा भाऊ. नावं सगळी घरातल्या कर्त्यांची, रक्त मात्र ज्याला काम नव्हतं त्याचं. पेढ्यांचं आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येऊन मी वामनरावांपुढे मशीन ठेवलं.

"काका, आता तुम्ही बोट द्या."

"देतो. तुह्या घरातून कोण होतं?"

"प्रतिमा."

"अन् तू?"

बायकोचा आकडा चांगला आला म्हणून मीही घरचं काम झालं असंच धरून बसलो होतो.

"पह्यले तू दे," ते म्हणाले.

माझा आला दोनशे एकसष्ट. त्यांचा दोनशे शेहेचाळीस. आपला कमी निघाला म्हणून ते इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी चिखलीच्या डॉक्टरकडे यायला आपण होऊन तयार झाले.

"पेशंट कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

वामनरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा. एकटा यायले भेत होता, म्हणून संग आलो. आलोच हाय तं माहंही पाहून घ्या."

मी मान डोलावली. दुसरं काही बोललो असतो, तर ते उठून गेले असते.